घाट उतरताना भांडी वाजता कामा नयेत

गाडी भरून झाली की देवळात न्यायच्या आधी वजनकाट्यावर न्या. नारळ नंतर फोडा. भिवंडीत वजनकाट्यांना तोटा नाही. माणकोलीकडे जा नाहीतर दापोड्याकडे, गोदामांच्या वाटेवर एखादा काटा लागतोच. रांगेत मालाचे ट्रक असतील, पलंग-पडद्यांची गाडी पाहून काटेवाला जरा थबकेल. थबकू दे. पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, शेगडी, बिछाने, बॅगा जागच्या जागी आणि घरातली सगळी माणसं आत बसलेली, अशी गाडी काट्यावर चढवा. येणारा आकडा आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा आणि नुसती मागची ठेवून एकदा तोला, म्हणजे ओझं कुठे साचलंय ते कळेल.

पुतण्याने टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, ओटा, बेसिन, फ्रिज बसवायला काढला, तेव्हा त्याला आणि सूनबाईला मी पहिलं हेच सांगितलं. माझं आयुष्य ट्रान्सपोर्टच्या धंद्यात गेलं. यंत्रमागावरून उतरलेलं ग्रे कापड गाठी बांधून सुरतेला, पालीला, बालोत्र्याला पाठवायचं, हे काम. गाठ कुठे ठेवायची, रस्सी कुठून फिरवायची, ताडपत्री कुठे दुमडायची, हे आमचे माथाडी डोळे मिटून सांगत. त्यांच्याकडून मी जे शिकलो तेच या पोरांना देतोय. हल्ली कुटुंबं गाडीतच घर थाटून निघतात, राज्य सरकारनेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि समृद्धी महामार्ग तर आपल्या तालुक्यातल्या आमण्यापर्यंत येऊन पोचलाय. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता सलग झाला. लोक निघणारच, निघायलाच हवं. पण ज्या गाडीत घर मांडलंय ती मालगाडीसारखी चालते. ती मोटारीसारखी हाकली की फजिती होते.

वजनाचा हिशोब घरी बसून करता येतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा 100 लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. पाऊण इंची प्लायवूडचा आठ बाय चारचा एक तक्ता पस्तीस किलोच्या पुढे जातो, आणि पलंग-कपाटं करताना असे किती तक्ते लागले ते सुताराला विचारा. मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची. सहा मोठी माणसं चारशे किलोच्या आसपास. हे सगळं त्या चार-सहा टायरांवर येतं. जड वस्तू खाली आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवायच्या. हलक्या वस्तू वर. टपावरच्या कॅरिअरवर बिछाने ठेवा, पाण्याचे कॅन ठेवू नका. उंच गाडीच्या माथ्यावर वजन गेलं की वळणावर ती झुकते आणि बाजूने ट्रक सुसाट गेला की डोलते. टाकी एक तर भरून न्या, नाहीतर रिकामी न्या. अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक लावल्यावर पुढे धावतं आणि तो धक्का चालवणाऱ्याच्या पायाला कळतो. पाणी मुक्कामाच्या अलीकडे भरलेलं सगळ्यात बरं.

आता बांधणं. आमच्या धंद्यात सांगायचे, माल हलला की माल गेला. सूनबाई, तुझ्या कपाटांना मॅग्नेटवर भरवसा ठेवू नकोस. बोटाने दाबून उघडणारी खिटी बसव, नाहीतर सरळ कडी लाव. आमच्याच आळीतल्या एका कुटुंबाची गाडी पडघ्याच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं म्हणून जोरात थांबली. वरच्या फळीवरचा कुकर उडून थेट ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर आदळला. सीट मध्ये होती म्हणून मान वाचली. दुसऱ्यांच्या गाडीत लोणच्याची बरणी फुटून तेल फरशीवर पसरलं आणि उतरायच्या घाईत आजी घसरल्या. पुढचे सगळे दिवस इस्पितळात गेले. म्हणून काचेची बरणी घरीच ठेवायची, लोणचं प्लास्टिकच्या फिरकीच्या डब्यात, आणि तो डबा खालच्या कप्प्यात. भांड्यांच्या मध्ये टॉवेल घाला. मग अंजूरफाट्यापर्यंत एक फेरी मारून या. आपल्या भिवंडीच्या रस्त्यांवर जे वाजलं नाही ते कसाऱ्यातही वाजणार नाही. आणि जे वाजतंय ते कुठे वाजतंय हे त्याच दिवशी शोधा. प्रवासात तो आवाज अंगवळणी पडतो आणि मग खरोखर काही सुटलं तरी ऐकू येत नाही.

माणसंही बांधायची. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर मुलं लोळतात, मोठ्यांनाही पाय पसरावेसे वाटतात. नाही. गाडी हलली की प्रत्येकजण पट्टा असलेल्या सीटवर. जितक्या सीटना पट्टे तितकीच माणसं न्यायची. मावशीला पुढच्या वेळी नेऊ, त्यात मावशीचा अपमान नाही.

टायरबद्दल जास्त बोलणार आहे, कारण काँक्रीटच्या लांब रस्त्यावर उन्हाळ्यात जड गाडीचा घात तिथेच होतो. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना तपासा. किती हवी ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. दुपारी तापल्यावर काटा वर दाखवतो, म्हणून कोणी हवा सोडायला सांगेल, सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि तापलेला टायरच फुटतो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर तपासून घ्या, कडांना बारीक चिरा दिसल्या तर बदला. मागे जोडचाकं असतील तर दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड रोज काढा. आमचे क्लीनर थांबलं की टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरवर ठोका देत चालत. भरलेला टायर टणकन बोलतो, बसलेला दबका आवाज देतो. ही सवय पोरांना लावा, त्यांना आवडेल. स्टेपनीची हवासुद्धा त्याच फेरीत बघायची. आणि चाक बदललं की पन्नास किलोमीटरवर थांबून नट पुन्हा एकदा आवळायचे.

घाटाला वेगळा कान लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, हा नियम माझ्या वस्तादाने मला दिला. गाडी इंजिनाने अडवायची, ब्रेकने फक्त मधून मधून आवरायची. सतत पाय ठेवून उतरलात की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यांच्यातल्या काहींच्या गाड्या दरीतून काढायला आमच्याच लोकांना जावं लागलं. वास आला तर सपाट जागा पाहून बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकामागे लाकडाचा ठोकळा लावा आणि अर्धा तास चहा प्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. तसंच इंजिन उकळलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं. ठोकळा घरून न्या, म्हणजे रस्त्याकडेचा दगड लावून तो तसाच टाकून निघायची वेळ येत नाही. तुमच्या मागे रात्री एखादा मोटारसायकलवाला येतो आणि त्याला तो दगड दिसत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. कसाऱ्यात पावसाळ्यात धुकं उतरलं की दिवे खालचे ठेवा, वरच्या दिव्याने पांढरी भिंत उभी राहते. आणि चारही इंडिकेटर लावून चालू नका, ते उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने लावले तर तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला समजत नाही. घाटनदेवीला हात जोडायला थांबता, तेव्हा गाडीखाली एकदा वाकून बघा: तेल गळतंय का, पाणी गळतंय का.

उंची. गाडीच्या टपावर एसी किंवा कॅरिअर बसवलं की तिची नवी उंची टेपने मोजा, फूट-इंचात आणि मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेखालचे बोगदे, गावांच्या वेशीवरच्या लोखंडी कमानी, पेट्रोल पंपाचं छप्पर, आंब्याची फांदी, सणासुदीच्या मांडवाच्या वायरी, यांतली एक ना एक गोष्ट टपावरचा एसी काढून नेते. गणपतीत कोकणात उतरणाऱ्यांनी तर गावात शिरायच्या आधी एक माणूस चालत पुढे पाठवावा. गाडी मागे घेताना खाली उतरलेला माणूस एकच असावा. चौघं ओरडायला लागले की चालवणाऱ्याला एकही ऐकू येत नाही. त्या एकाने ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एसटीच्या घंटीसारखं. हाच माणूस तुमचा कंडक्टर. प्रत्येक थांब्यानंतर त्याने माणसं तोंडाने मोजायची, नाव घेऊन, आणि मगच दोन थापा. इगतपुरीजवळच्या एका ढाब्यावर एका कुटुंबाने आत्याला अशीच मागे ठेवली. आत्या मागच्या पलंगावर झोपल्यात असं सगळ्यांना वाटलं, आणि त्या हात धुवायला उतरल्या होत्या. फोनही गाडीतच राहिलेला. त्यांना दोन तास जो जीव मुठीत धरावा लागला तो कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

आता जे सांगतो ते सूनबाई, तू नीट लक्षात ठेव, कारण शेगडी तुझ्याच ताब्यात असणार. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकऱ्याजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि घरच्यांना वाटतं की गाडी लागली. म्हणून हा कानमंत्र: उभ्या गाडीत एकाहून जास्त जणांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग कारण शोधा. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही. स्वयंपाक शक्यतो बाहेर, गाडीच्या आडोशाला करावा. आत करावाच लागला तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. या वायूचा इशारा देणारं छोटं यंत्र मिळतं, ते पलंगाच्या उंचीवर लावा. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत आणू नका, पाच किलोचा पुरतो. तो उभा बांधायचा आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारा झरोका हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. गाडी हलवण्याआधी रेग्युलेटर काढून ठेवायचा, हे कंडक्टरच्या दोन थापांच्या आधीचं काम.

दाराबद्दलही बोलायलाच हवं. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. बस दाराच्याच बाजूवर पडली, त्यामुळे बाहेर पडायची वाट बंद झाली. तुमच्या गाडीला सरकतं दार एकच असेल आणि मागचं दार पलंगाने अडवलं असेल, तर तो पलंग सुताराकडून आजच कापून घ्या. मागचं दार आतून उघडलं पाहिजे आणि ते दहा वर्षांच्या पोरालाही उघडता आलं पाहिजे. काच फोडायची हातोडी दोन ठिकाणी ठेवा, अग्निशामक नळकांडं दाराजवळ. निघायच्या आदल्या संध्याकाळी दारात गाडी उभी करून मुलांकडून एकदा करवून घ्या: दिवे बंद, सगळ्यांनी मागून बाहेर. खेळ म्हणून करतील आणि हाताला सवय होईल.

समृद्धी सरळ आहे, आणि सरळ रस्ता डोळ्यांना झोपवतो. मोटारींना 120 ची मुभा आहे म्हणून तुम्हाला तितकी गरज नाही. पलंग-फ्रिजची गाडी ऐंशीवर समाधानी असते. दर दोन तासांनी ठरलेल्या ठिकाणी उतरून चालायचं. रात्री जागून सामान भरायचं आणि पहाटे तीनला निघायचं, हे भिवंडीतल्या लोकांचं फार आवडतं गणित, माणकोली-रांजणोलीचा ट्रॅफिक टाळायला. सामान आदल्या दुपारी भरा, आठला झोपा, मग पाचला खुशाल निघा. बंद पडलात तर गाडी डावीकडे काढून सगळ्यांनी लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. गाडीत बसायचं नाही, गाडीच्या मागे तर नाहीच. लाल त्रिकोण किमान पन्नास पावलं मागे लावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, रुग्णवाहिकेला 108, आणि कुठेही काहीही झालं तर 112. समृद्धी राज्याची आहे, तिथला मदतीचा नंबर टोलच्या पावतीवर किंवा फलकावर बघून आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

पावसाळ्यात रात्रीचा प्रवास नको. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसट्या अंधारात नदीत गेल्या. दिवसा निदान पुढे काय आहे ते दिसतं. आपल्याकडे कामवारी नदी चढली की काय होतं ते 26 जुलै 2005 पाहिलेल्यांना सांगायला नको. रस्त्यावरचं पाणी चाकाच्या मधोमध येत असेल तर गाडी घालू नका. घातलीच आणि इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी आत ओढलं गेलं तर अख्खं इंजिन बसतं. ढकलून बाहेर काढा.

समुद्रावर गेलात तर गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवा. वाळू वरून कडक दिसते, आत पोकळ असते, आणि रुतलेल्या गाडीकडे भरती थांबून बघत नाही. भरतीची वेळ काढायला खाडीकाठच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पंचमीला पावणेचार. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. घडीचं गणित यात नाही, अंदाज मात्र चांगला बसतो, आणि बाकी तिथल्या कोळ्याला विचारा. तो सांगेल ते ऐका.

विजेचा मोह आवरा. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1200 वॅट-तास देते. साध्या बॅटरीतून त्यातले निम्मेच काढावेत, नाहीतर ती लवकर मरते. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. म्हणजे अर्धा तास थंडावा आणि पुढे अंधार. एसी हवा असेल त्या रात्री लॉजच्या आवारात प्लग घेऊन झोपा. एरवी खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी आणि दोन छोटे पंखे पुरतात. इंजिनाची बॅटरी आणि घरातली बॅटरी वेगळी ठेवून घ्या, म्हणजे फ्रिजने रात्री सगळं खाल्लं तरी सकाळी गाडी सुरू होते.

ज्या लहानांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, समोर लांब बघायला लावा, मोबाईल काढून घ्या. निघताना तेलकट वडा नको. भाकरी, सुकी चटणी, आवळासुपारी.

संडासाची टाकी नदीत किंवा रानात ओतायची नाही. ज्या गावच्या विहिरीचं पाणी तुम्ही प्याल, त्या गावाला ही घाण देऊ नका. लॉजवाल्याला पैसे देऊन विचारा, तो वाट दाखवतो.

कागदपत्रं निघण्याच्या किती तरी आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या रचनेत बदल केला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तिथेच काढते. भाड्याने घेणार असाल तर स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आणि पहिल्याच फेरीला नागपूर नको. आधी वज्रेश्वरीला जा. वाटेत अंबाडीचा बाजार लागतो, अकलोलीला नाहीतर गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकता येतं, आणि काही विसरलं तर घर तासाभरावर आहे. एक रात्र गाडीतच झोपा, गाडीतलाच चहा प्या. वही जवळ ठेवा: काय वाजलं, काय गळलं, काय लागलंच नाही, कोणाला कुठे झोप आली नाही, सगळं लिहा. परत आल्यावर जे लागलंच नाही ते उतरवा, आणि गाडी पुन्हा वजनकाट्यावर चढवा. ती पावती मला आणून दाखवा, मग नागपूरचं बघू.